खाडीकडे तोंड करून

समुद्रकाठच्या गावात पोचलं की बहुतेक जण आधी पुळण गाठतात. मी आधी खाडी शोधते. जेट्टी कुठे आहे, फेरीबोट कुठे लागते, आज ओहोटी किती वाजता, मासळीचा बाजार कोणत्या आळीत बसतो, एवढं विचारून घेते आणि मग सामान खोलीत टाकते. समुद्र संध्याकाळी बघायचाच असतो. पण कोकणातली किनाऱ्यावरची जुनी गावं बघितली, तर त्यांची बंदरं, बाजार, मशिदी, देवळं, किल्ले, मासे विकायच्या जागा सगळ्या खाडीच्या अंगाला आहेत. उघड्या समुद्राकडे गावानं पाठ केलेली असते, आणि ते शहाणपणाचंच आहे. जून-जुलैत त्या समुद्राकडे तोंड करून राहायची कुणाची हिंमत नाही.

मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्यावरून पश्चिमेला बघितलं की डोंगरामागे डोंगर दिसतात, पाण्याची रेघ कुठेच दिसत नाही. तरी आमच्या घरात समुद्र आठवड्याच्या बाजारातून यायचा. सुकट, जवळा, सुके बोंबील. आजी तव्यावर सुकट भाजायला घ्यायची, तेव्हा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्यावर कांदा, लसूण, लाल तिखट, आणि बरोबर ज्वारीची भाकरी. ताजा मासा म्हणजे काय हे खूप नंतर कळलं, पण समुद्राची चव त्याआधीच जिभेला माहीत होती. पूर्वी घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, धान्य आणि गूळ खाली जायचा. तो व्यवहार आता टेम्पोनं होतो, एवढाच फरक.

आमच्याकडून खाली उतरायचा सरळ रस्ता कराड-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट-चिपळूण. या रस्त्यानं जाण्याचा माझा आग्रह असतो, कारण हा रस्ता पाण्याच्या सोबतीनं जातो. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. पण कोयनानगरला धरण झालं, शिवसागर जलाशय भरला, आणि त्यातलं बरंच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरून पश्चिमेला उतरू लागलं. पोफळी आणि अलोरे इथल्या वीजघरांत ते पाती फिरवतं. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजघर मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला सोडायचा वाटा. वीज करून झाली की हे पाणी वाशिष्ठी नदीत पडतं, चिपळूणला वळसा घालतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं.

कागदावर ही सगळी आकडेवारी असते. पण कोयनानगरला थांबून चहा प्यायचा, मग घाट उतरायचा, पोफळीच्या वळणांवर हवा एकदम जड आणि ओली झालेली अंगाला कळायची, आणि खाली ऐन मे महिन्यात वाशिष्ठी भरलेली बघायची, हे वेगळं. कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा गोट्यांवर आलेल्या असतात. वाशिष्ठीला पाणी असतं, कारण ते आमच्या तालुक्यांत जावळीत, पाटणात पडलेल्या पावसाचं असतं. या पाण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावं उठली, ती माणसं कुठे कुठे विखुरली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही पुरते मिटलेले नाहीत. चिपळूणच्या पुलावर मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि २०२१ चा जुलैसुद्धा आठवतो. २२ तारखेला चिपळूण पाण्याखाली गेलं, बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. त्याच पावसात घाटाच्या वरच्या अंगाला पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे डोंगर घरांवर आला. बातम्यांत ही दोन जिल्ह्यांची दोन संकटं होती. पण डोंगराच्या दोन्ही उतारांवर पाऊस तोच होता. त्यानंतर चिपळूणच्या बाजारात खरेदी करताना मी भाव करत नाही.

चिपळुणात मी जेवायला फारशी थांबत नाही, पण गोवळकोटला जाते. गाव सोडून खाडीच्या बाजूला करंजेश्वरीचं देऊळ आणि त्याच्या डोक्यावर छोटासा किल्ला. वरून वाशिष्ठीचे फाटे आणि मधली हिरवी बेटं दिसतात. चिखलाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्या बघायला होडीतून नेतात. सकाळी लवकर जावं, आणि होडीत मोठ्यानं बोलू नये.

तिथून शृंगारतळी, मोडकाआगर करत गुहागर. गुहागरचं कौतुक करताना लोक किनाऱ्याचं करतात, आणि किनारा खरंच लांबलचक, स्वच्छ आणि देखणा आहे. पण गुहागर समजून घ्यायचं तर त्या एका लांब, अरुंद रस्त्यानं खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत चालत जावं. दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र. घराची ओटी रस्त्याकडे, समुद्र परसदारी. ओटीवर सुपाऱ्या वाळत घातलेल्या, कोपऱ्यात आमसुलं. मधोमध व्याडेश्वराचं देऊळ, पलीकडे दुर्गादेवीचं. भर दुपारी या रस्त्यावर ऊन जेमतेम ठिपक्याठिपक्यांनी पडतं.

गुहागरात मी मासे खात नाही. इथली खरी चव शाकाहारी घरगुती खानावळीत आहे, आणि ती आधी सांगून ठेवावी लागते. सकाळी नऊच्या आत फोन करून माणसं किती ते सांगायचं. मग दुपारी केळीच्या पानावर गरम भात, वालाचं बिरडं, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, आमसुलाचं सार, उकडीचे मोदक आणि त्यावर तूप. फेब्रुवारी-मार्चात गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ मागून घ्या. ओले काजू सोलणं हे हाताची साल काढणारं काम आहे, त्यांचा चीक बोटं भाजतो, म्हणून त्या उसळीची किंमत जास्त वाटली तरी कुरकुर करू नये. एप्रिल-मे असेल तर फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून उकडलेलं सांदण. नारळाच्या दुधाबरोबर खायचं. आमच्याकडे फणस म्हणजे गरे खाल्ले की संपला. एका फळाची भाजी, सांदण, पोळी, तळलेले गरे, आणि आठळ्यासुद्धा भाजून खायच्या, हा सगळा विचार मला गुहागरच्या स्वयंपाकघरात कळला.

प्यायला कोकम सरबत, पण बाटलीतलं गोडमिट्ट नव्हे. आगळ असेल तर ते मागावं. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठातला रस. त्यात पाणी, थोडी साखर, जिऱ्याची पूड. उन्हातून आल्यावर दुसरं काही सुचत नाही. मोडकाआगरच्या रस्त्यावर शहाळीवाले बसतात. मलई पातळ हवी की जाड ते आधी सांगायचं, त्यांना हातात घेऊन, हलवून कळतं.

आता खाडी. गुहागरपासून उत्तरेला अंजनवेल, वेलदूर आणि धोपावे. अंजनवेलला खाडीच्या तोंडावर गोपाळगड आहे, जांभ्या दगडाचा, खंदक खोदलेला. थोडं पुढे दीपगृह आणि टाळकेश्वराचं देऊळ. तिथल्या कड्यावरून खाडीचं पाणी समुद्राच्या पाण्याला मिळताना रंगाची रेघ दिसते, आणि नशीब असेल तर डॉल्फिनच्या पाठी. याच अंजनवेलचा आणि गोवळकोटचा कारभार एकेकाळी सिद्दी सात नावाच्या सरदाराकडे होता. त्यानं १७२७ मध्ये चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. तिथे राहणारे, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी मग घाटावर आले आणि साताऱ्याजवळ धावडशीला स्थिरावले. धावडशीला आमच्याकडची मंडळी सहज दर्शनाला जातात, पण या कड्यावर उभं राहून त्या गोष्टीचं दुसरं टोक बघणारे थोडे. अंजनवेलच्याच अंगाला तो गाजलेला गॅसवरचा वीजप्रकल्पही आहे, नावानं दाभोळचा पण खाडीच्या अलीकडे. एकाच पाण्याच्या वरच्या टोकाला पोफळीचं वीजघर आणि खालच्या टोकाला हे.

धोपाव्याच्या बाजूला मी ओहोटी साधून जाते. ओहोटीची वेळ काढायचा इथला हिशेब मला एका मावशींनी शिकवला, आणि तो इतका सोपा आहे की प्रत्येक घाटावरच्या माणसानं पाठ करावा. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आधी सव्वाअकराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असल्यानं ओहोटीलाही पाणी खूप मागे हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फार वर येत नाही आणि फार खालीही जात नाही. भिंतीवरचं कालनिर्णय आपण उपासासाठी आणि मुहूर्तासाठी बघतो. इथे ते बघून दुपारी काय शिजणार ते ठरतं.

पाणी मागे गेलं की बायका परड्या घेऊन चिखलात उतरतात. तिसऱ्या आणि मुळे या शिंपल्या बोटांनी चाचपून काढायच्या, खडकांवरची कालवं टोकदार लोखंडी हत्यारानं फोडायची. कंबरेत वाकून दोन-तीन तास. पाणी पुन्हा चढायला लागलं की वर यायचं. मी काठावर बसून बघते. एकदा उतरून बघायचं म्हटलं तर मावशींनी स्पष्ट सांगितलं, "तुमी नको ताई, पाय कापंल." कालवाच्या शिंपल्याची धार सुरीसारखी असते आणि त्यांच्या पायांवर जुने वळ आहेत.

दुपारी त्यांच्याच घरी जेवण. तिसऱ्या आधी पाण्यात ठेवून रेती सोडू द्यायची, मग विळीवर एकेक उघडायची, एका शिंपीला मांस ठेवायचं, दुसरी टाकायची. उघडताना निघालेलं पाणी मात्र ओतायचं नाही, त्यातच खरी चव. ओलं खोबरं, आलं, लसूण, हिरवी मिरची, थोडी हळद, दोन आमसुलं. झाकण ठेवून दहा मिनिटं. बरोबर तांदळाची भाकरी. आमच्या सातारी हाताला सगळीकडे कांदा-लसूण मसाला आणि सुकं खोबरं घालायची सवय. पण इथे मसाला इतका कमी की शिंपल्यातलं खारं पाणी जिभेवर वेगळं कळतं. खाडीचे मासेही तसेच: बोय, तांबोशी, काळुंदर, मुडदुसे. शहरातल्या हॉटेलांच्या पाटीवर यातलं एखादंच नाव सापडतं. पाटीवर पापलेट आणि सुरमई असतात, कारण गिऱ्हाईक तेवढीच नावं घेऊन येतं. मग समोरच्या खाडीत सकाळी जाळ्यात आलेली बोय तशीच राहते आणि पाहुण्यांच्या ताटात बर्फातली सुरमई येते. मला हे मनापासून खटकतं. "आज काय आलंय?" एवढं विचारलं तरी पुरे.

१ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते, मोठ्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या जातात. तेव्हा बरेच लोक म्हणतात, आता कोकणात जाऊन काय खाणार? तेव्हाच तर खाडी घर चालवते. आडोशाला छोट्या होडीतून पाग म्हणजे फेकजाळं टाकून धरलेले मासे, चिंबोऱ्या, आणि उन्हाळ्यात सुकवून ठेवलेली सुकट. पावसाळ्यातल्या चिंबोऱ्यांच्या सारासाठी मी घाटातलं धुकंसुद्धा सोसते.

पण खाडी पूर्वीसारखी राहिली नाही, हेही इथलेच लोक सांगतात. वरच्या अंगाला असलेल्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या येतात, चौकश्या होतात आणि पुन्हा तेच. मावशी सांगतात, त्यांच्या सासूच्या वेळी परडी तासाभरात भरायची. वरून आमच्या डोंगराचं स्वच्छ पाणी येतं आणि शेवटच्या टप्प्यात त्यात हे मिसळतं. पर्यटनाच्या जाहिरातींत या खाडीचे फोटो लावणाऱ्यांनी तिच्या पाण्याबद्दलही बोलायला हवं.

धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट जाते. गाड्या, एसटीतून उतरलेली माणसं, दुचाकीवर बांधलेली कोंबड्यांची खुराडी, सगळं एकत्र. पार व्हायला थोडाच वेळ लागतो, पण त्या वेळात गाडीत बसून राहू नये. पलीकडचं दाभोळ आज शांत गाव आहे. बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परत गेला तो इथूनच गलबतात बसून. जेट्टीजवळ जुनी दगडी मशीद आहे, घुमट आणि मिनार असलेली, पुढे कारंजाचा हौद. विजापूरची राजकन्या मक्केला निघाली होती, तिचा प्रवास इथेच थांबला आणि बरोबरच्या पैशातून तिनं ही मशीद बांधली, असं सांगतात. चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. मशिदीनंतर थेट देवळात जावं. दोन्ही मिळून दाभोळ कळतं. जेट्टीवरच्या टपरीवर चहा चांगला मिळतो आणि त्याच्याबरोबर गरम बटाटेवडे.

पुढचा किनारा मी भराभर सांगते, कारण त्याच्याबद्दल सगळे जण लिहितात. हर्णैला मासळीचा लिलाव बघावा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग बघावा. लिलावाच्या गोलात मध्येच शिरून फोटो काढू नयेत, तिथे लोकांच्या महिन्याचा हिशेब चाललेला असतो. किरकोळ मासे बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यावेत आणि गावातल्या खानावळीत करून मागावेत. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. देवळाच्या आवारातून खाडीचं तोंड आणि दूर सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात.

मुरुडला मात्र थांबते. दापोलीजवळच्या या गावात महर्षी कर्वे वाढले. शाळकरी धोंडो केशव एका परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला निघाले होते. त्या परीक्षेसाठी बोटीनं मुंबईला जाणं जमलं नाही, म्हणून साताऱ्याला, सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी त्यांना वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. तसेच परत. ज्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांना आमच्या गावानं पहिल्या भेटीत असं परत पाठवलं होतं. मुरुडच्या दुर्गादेवीच्या देवळाजवळ त्यांचा पुतळा आहे. मी साताऱ्याची म्हणून तिथे जरा जास्त वेळ उभी राहते.

उत्तरेला बाणकोटची खाडी, आणि तीही आमचीच. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचं पाणी एका कुंडात पडतं. त्यातली सावित्री कुणाच्या बोगद्याची वाट न बघता सरळ पश्चिमेला उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव वेळास, जन्म १७४२ मध्ये साताऱ्याचा आणि वाडा वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर. वेळासला लोक फेब्रुवारी-मार्चात कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हे संवर्धन सुरू केलं, आणि आता गावातली घरंच पाहुण्यांना राहायला-जेवायला घालतात. वेसवीहून पलीकडे बागमांडल्याला फेरीबोट आहे.

धोपाव्याच्या मावशींना मी हे कोयनेच्या पाण्याचं सगळं सांगितलं होतं, धरण, बोगदे, पोफळी. त्या तिसऱ्या उघडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग ह्ये पानी तुमचाच म्हना की." मग विळी बाजूला ठेवून विचारलं, "तुमच्याकडं शेंगदाणा कसा किलो?" मी सांगितलं. "मंग फुडच्या खेपंला पाच किलो आना. कच्चा आना, भाजल्याला नको. पैशे नको असतील तर सुकट घेऊन जावा." आणि दारापर्यंत येऊन पुन्हा बजावलं, "चतुर्थी बघून यावा, सकाळची नऊची ओहोटी गावंल."